आधी तुमची गाडी काढा

आमच्या गल्लीत तारीख घड्याळात बदलत नाही, रस्त्यावर बदलते. पुण्याच्या नारायण पेठेतल्या या गल्लीत एका अंगाला पी-वनची पाटी आहे आणि समोरच्या अंगाला पी-टूची. विषम तारखेला गाड्या अलीकडे लावायच्या, सम तारखेला पलीकडे. म्हणजे रात्री बारा वाजता प्रत्येकानं खाली उतरून आपली गाडी समोर न्यायची. पूर्वी तसं व्हायचंही. लुंगी, बर्मुडा, गाऊनवर ओढणी अशा हाताला लागेल त्या वेशात माणसं उतरायची, एकमेकांकडे न बघता स्टँड काढायची, स्टँड लावायची आणि वर जायची.

पण बाराला उतरणाऱ्याला जागा मिळत नाही, हे कोणाच्या तरी लक्षात आलं. तो पावणेबाराला उतरायला लागला. त्याचं बघून दुसरा साडेअकराला. आता रात्री नऊच्या मालिकेतल्या पहिल्या जाहिरातीला निम्मी गल्ली पलीकडे गेलेली असते. उरलेली निम्मी अलीकडेच असते, कारण कायद्यानं अजून आजच आहे. नऊ ते बारा आमच्या गल्लीत आज आणि उद्या दोन्ही तारखा समोरासमोर उभ्या असतात आणि मधून सायकलसुद्धा तिरकी करून न्यावी लागते.

महिनाअखेरीला तर कहर होतो. ३१ विषम आणि १ तारीखही विषम, म्हणजे त्या रात्री कोणी काही हलवायचं नाही. पण हातापायांना वळण पडलेलं. एक जण झोपेत उतरून गाडी पलीकडे नेतो. खिडकीतून ते बघून दुसऱ्याला वाटतं, आपलंच चुकतंय. तोही नेतो. सकाळी टोइंगची गाडी येते, पोरं पटापट स्कूटरी उचलतात आणि वरच्या खिडक्यांतून 'अहो, थांबा, आलोच' असा कोरस सुरू होतो. लीप वर्षातही हाच घोळ, कारण तेव्हा २९ फेब्रुवारी येते. लीप वर्षाची आठवण ठेवणारे जगात दोघेच, २९ फेब्रुवारीला जन्मलेली माणसं आणि आमची गल्ली.

माझी स्कूटर अलीकडे रस्त्यानं जातच नाही, फक्त रस्ता ओलांडते. कुठं घेऊन गेलो तर येईपर्यंत जागा जाते. त्यामुळे भाजी, बँक, डेक्कन, सगळं मी चालत करतो. माझी साखर आटोक्यात आलेली बघून डॉक्टर खूश झाले.

"चालायची सवय कशी लावून घेतलीत?"

"गाडी घेतली."

असं सगळं सुखात चाललं असताना एका रात्री, नऊ ते बाराच्या त्या संधिकाळात, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचे पाहुणे मोटार घेऊन गल्लीत शिरले आणि अडकले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मागून रिक्षा आली, तिच्यामागे गॅसच्या सिलिंडरचा टेम्पो. काका बाल्कनीतून ओरडले, "ही कोणाची गाडी आहे? आधी तुमची गाडी काढा!" यावर गल्लीतल्या प्रत्येकानं बाल्कनीत येऊन शेजारच्याला तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकांनी सोसायटीची बैठक बोलावली. विषय एकच, शहरातील वाहतूक कोंडीवर व्यवहार्य उपाय सुचवून महापालिकेस अर्ज देणे.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जगातला कुठलाही प्रश्न त्यांना कालव्यासारखा दिसतो.

"वाहतूक म्हणजे पाणी," त्यांनी सुरुवात केली. "आवक किती, विसर्ग किती, एवढंच बघायचं. आपल्या पेठांत आवक जास्त आहे. ती वरच बंद करा."

"म्हणजे नक्की काय करायचं?"

"कोथरूडवाल्यांना पेठेत येऊ द्यायचं नाही."

"अहो काका, तुमची लेकच कोथरूडला असते ना?"

"ती कामाला येते. बाकीचे उगाच येतात."

इथून बैठकीला दिशा मिळाली. तळमजल्यावर साड्यांचं दुकान असलेल्या शेठनी सुचवलं, की गल्लीत गाड्या लावायला पूर्ण बंदी करावी. गिऱ्हाइकांच्या लागतात त्या गाड्या नव्हेत, तो व्यापार. चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, तरुण पोरांच्या हाती दुचाकी देऊच नयेत. आजींचा नातू त्यांना दर गुरुवारी दुचाकीवरून दत्ताला नेतो, पण तो तरुण नाही, नातू आहे. पहिल्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा म्हणाला, रिक्षा हटवा. कोपऱ्यावरचा रिक्षावाला कशासाठी तरी वर आला होता, तो दारातूनच म्हणाला, "आयटीवाले हिंजवडीलाच ठेवा, साहेब. एकेका मोटारीत एकेक माणूस बसतो." एकमत व्हायला आलं होतं. शहरात गाड्या फार झाल्या आहेत आणि त्यातली आपली तेवढी आवश्यक आहे, हे सगळ्यांना मान्य होतं.

आकडे काकांच्या फायलीत होतेच. २०१८ साली पुण्यातल्या नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि माणसं होती सुमारे ३५ लाख. पाळण्यातल्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपर्यंत प्रत्येकाला एकेक वाहन देऊन वर लाखभर उरतात.

"ही वरची लाखभर कुणाची?" आजींनी विचारलं.

"आपल्याच गल्लीत असतात," मी म्हणालो.

काकांचा मुलगा सिंगापूरहून सुट्टीला आला होता. त्याला बोलायचा मान मिळाला. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाचा दोष असा, की तिथल्या ज्या गोष्टीला तो स्वतः वैतागलेला असतो, तीच तो इथं येऊन अभिमानानं सांगतो. तो म्हणाला, सिंगापूर हे बेट, जागा मोजकी. म्हणून तिथं १९७५ सालीच मध्यवर्ती भागात सकाळी मोटार न्यायला परवाना लावला. आता यंत्रं कमानीखाली आपोआप पैसे कापून घेतात. आणि १९९० पासून मोटार घ्यायच्या आधी मोटार घेण्याचा हक्क लिलावात विकत घ्यावा लागतो. तो दहा वर्षं टिकतो. २०२३ मध्ये त्याचा भाव एक लाख सिंगापुरी डॉलरच्या वर गेला होता, म्हणजे आपले साठ लाख.

"साठ लाखात मोटार?" शेठ म्हणाले. "कुठली?"

"मोटार वेगळी, शेठ. हा नुसता कागद."

क्षणभर बैठक सुन्न झाली. मग काकांनी मुलाकडे बघून विचारलं, "तुझ्याकडे आहे?"

"नाही. मी बसनं जातो."

सिंगापूरला नोकरी लागल्याचे पेढे काकांनी सगळ्या सोसायटीला वाटले होते. बसचं त्यांना आत्ताच कळत होतं.

"ते बेट आहे, त्यांना जागेची अडचण," त्यांनी विषय झटकला. "आपल्याला तसं काही नाही."

यावर मी जरा अभ्यास पाजळला. म्हटलं, काका, आपणही बेटावरच आहोत. जुन्या पुण्याच्या वरच्या अंगाला मुठा, पूर्वेला नागझरी आणि या बाजूनं आंबिल ओढा. ओढा पेशवाईत वळवला, नागझरी नाला म्हणून उरली, पण नदी आहे तिथंच आहे. पेठेतून डेक्कनला जायचं तर पूल ओलांडावाच लागतो. आणि तुमच्याच खात्यानं खडकवासल्यातून पाणी सोडलं की आधी नदीपात्रातला रस्ता बंद होतो आणि मग भिडे पूल पाण्याखाली जातो. तेव्हा आपण काय असतो?

खात्याचं नाव निघाल्याबरोबर काका सावरून बसले. "विसर्ग नियमानुसारच असतो," ते म्हणाले.

विसर्ग नियमानुसार असेल, पुणेकर नसतात. भिडे पूल पाण्याखाली गेला, ही बातमी म्हणजे आमच्याकडे पाऊस खरा झाल्याचं प्रमाणपत्र. ती वाचली की जो तो तो पूल बघायला निघतो. बुडालेला पूल बघायचा तर न बुडालेल्या पुलावर उभं राहावं लागतं. म्हणून लकडी पुलाच्या आणि झेड ब्रिजच्या कठड्याला लोक लागतात, मुलांना उचलून पाणी दाखवतात, कणीसवाले येतात. गाड्या कडेला, म्हणजे पुलावरच. एक पूल पाण्यानं बंद झालेला असतो, बाकीचे तो बंद झाल्याच्या कौतुकानं होतात. मागच्या पावसाळ्यात मी लकडी पुलावर अशा गर्दीत सापडलो, तेव्हा शेजारचे गृहस्थ कठड्यावर कोपर टेकून तळमळून म्हणत होते, "कामधंदे नाहीत लोकांना. उगाच गर्दी करतात."

सिंगापूरचा मुलगा हट्टाला पेटला होता. त्यानं सांगितलं, की तिथं सुरुवातीला मोटारीत चार माणसं असली तर पैसे माफ होते. मग लोक बसथांब्यावरून ओळख ना पाळख अशी माणसं उचलायला लागले. जकार्तात, तेही जावा बेटावर, १९९२ पासून काही रस्त्यांवर मोटारीत तिघं असल्याशिवाय प्रवेश नाही, असा नियम होता. तिथं रस्त्याच्या कडेला भाड्यानं बसायला माणसं उभी राहायची. कडेवर बाळ असलेली बाई असेल तर उत्तमच, एका भाड्यात दोन माणसं. २०१६ मध्ये तो नियमच काढून टाकला.

ही योजना आमच्या बैठकीत विलक्षण पसंत पडली. सोसायटीत निवृत्त माणसं भरपूर. सकाळी फिरायला जातातच, त्याऐवजी अलका चौकात जाऊन उभी राहतील. शेठनी जागच्या जागी दर काढले. आजींनी अट घातली, एसी लावायचा नाही. काका म्हणाले, पाटी लावू : 'अनुभवी सहप्रवासी मिळतील. वाटेत सल्ला मिळेल. नको असल्यास जादा आकार.'

मला लंडनचं उदाहरण द्यायचं होतं. २००३ पासून लंडन आपल्या मध्यभागात मोटार न्यायचे पैसे घेतं. तेव्हा पाच पौंड होते, पुढे वाढतच गेले. आणि टॉमटॉम नावाच्या डच कंपनीची २०२४ सालची यादी काय सांगते? शहरात दहा किलोमीटर जायला लंडनमध्ये ३३ मिनिटं १७ सेकंद लागतात आणि पुण्यात ३३ मिनिटं २२ सेकंद. जगातल्या सगळ्यात संथ शहरांत पुणे चौथं, लंडन पाचवं. वीस वर्षं पैसे मोजून ते आपल्यापेक्षा पाच सेकंदच पुढे गेले. आपण हे फुकटात केलं.

"चौथं? आपल्या पुढे कोण आहे?" काकांनी विचारलं.

"बंगळूर तिसरं, कोलकाता दुसरं. पहिलं कोलंबियातलं बारांकिया."

"बंगळूर?" काकांचा चेहरा पडला. "आयटीत गेलं तिकडं, आता यातही?"

मग काकांनी फाईल उघडली. कात्रणं पिवळी पडलेली, पण उपाय एकेक तजेलदार. १९८७ च्या विकास आराखड्यातला उच्च क्षमतेचा वर्तुळाकार मार्ग, ३६ किलोमीटरचा. तो फायलींतून इतका फिरला, की त्याच्यावरून गाड्या फिरायची गरजच उरली नाही. २००६ च्या डिसेंबरात देशातली पहिली बीआरटी कात्रज ते हडपसर सुरू झाली. बसला स्वतंत्र मार्ग, आत कोणी शिरायचं नाही. पुणेकराला 'आत शिरू नये' अशी पाटी दिसली, की तिथं नक्की काहीतरी चांगलं असणार, अशी खात्री पटते. विद्यापीठ चौकातला पूल कोंडी सुटावी म्हणून बांधला आणि २०२० मध्ये कोंडी सुटावी म्हणूनच पाडला. २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर झालं, रस्त्यावर गाडी लावायचे पैसे घ्यायचे, सुरुवात पाच रस्त्यांवर. ते धोरण मंजूर झालं तिथंच पार्क करून ठेवलेलं आहे, सम असो की विषम.

चांदणी चौकाच्या पुलाचं कात्रण मात्र काकांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपलंय. २ ऑक्टोबर २०२२, मध्यरात्रीनंतर एक वाजता, सुमारे ६०० किलो स्फोटकं. आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. धुरळा उठला, खाली बसला आणि त्यातून पूल दिसला. बराचसा उभाच. शेवटी पोकलेन लावून उतरवावा लागला. दिल्लीजवळ नोएडाचे जुळे मनोरे त्याच कंपनीनं काही सेकंदांत भुईसपाट केले होते. पण पुण्यातली गोष्ट. ६०० किलोंनी सांगून बघितलं, तरी आम्ही आहोत तिथंच आहोत.

"मेट्रो झाली ना आता," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. त्या एकट्याच काही उपाय न सुचवता बसल्या होत्या, कारण त्या रोज मेट्रोनं जातात. २०२४ च्या सप्टेंबरात पेठांच्या पोटातून मेट्रो स्वारगेटपर्यंत गेली. डेक्कनच्या स्टेशनाला तर वर पगडीचा घाट दिलाय. ज्या शहरानं हेल्मेट घालायला बाणेदार नकार दिला, तिथल्या स्टेशनानं निमूट शिरस्त्राण घातलं, हे काय कमी आहे?

"मेट्रो चांगलीच आहे," आयटीतला मुलगा म्हणाला. "मीपण गेलो असतो. पण स्टेशनपाशी गाडी लावायला जागा नाही."

"स्टेशन चालत सात मिनिटांवर आहे रे."

"हो, पण काकू, एवढं चालायचं असेल तर मग गाडी कशाला घेतली?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण डॉक्टरांना दिलेलं पुन्हा वापरणं बरं दिसलं नसतं.

सौभाग्यवतींनी पादचारी दिनाची आठवण काढली. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद करतात. २०२१ पासून चाललंय. रस्त्यावर गालिचे, खेळ, गाणी. लोक मधोमध चालतात आणि एकमेकांना सांगतात, "काय छान वाटतं ना!" आमची गल्ली मात्र त्या दिवशी खच्चून भरते, कारण चालायला आलेले सगळे गाडीनं आलेले असतात. गेल्या खेपेला माझ्या दाराशी एकानं बुलेट लावली. मी हटकलं तर म्हणाला, "काका, आज पादचारी दिन आहे. आज तरी सहकार्य करा."

तसं बघितलं तर लक्ष्मी रस्त्यावरची सगळ्यात संथ वाहतूक विसर्जन मिरवणुकीची. बेलबाग चौक ते अलका चौक हे चालत वीस मिनिटांचं अंतर. त्याला मिरवणूक एक दिवस, एक रात्र आणि दुसरा अर्धा दिवस घेते. लोक मुलांना खांद्यावर घेऊन उभे असतात, कोणी हॉर्न वाजवत नाही, कोणी 'पुढं चला हो' म्हणत नाही. उलट मंडळ भराभर पुढे सरकलं तर लोक नाराज होतात. लकडी पुलावरून मेट्रोचा मार्ग जाणार म्हटल्यावर २०२१ मध्ये केवढा वाद झाला, गणपतीचे रथ खालून जाणार कसे? पुलाखालून जाणाऱ्या वाहनाच्या उंचीची एवढी काळजी मी पुण्यात दुसऱ्या कुठल्या वाहनाबद्दल पाहिली नाही. मी सुचवलं, की रोज संध्याकाळी सिग्नलला ढोलपथक ठेवावं. कोंडी तेवढीच राहील, पण लोक घरून खुर्च्या घेऊन येतील.

हे विनोदावारी गेलं. मग मी माझा खरा उपाय मांडला. अगदी गंभीरपणे. म्हटलं, मंडळी, या गल्लीत सगळ्यात कमी फिरणारं वाहन माझं आहे. का? जागा जाईल, या भीतीनं. दंडानं माणूस ऐकत नाही, विनंतीनं ऐकत नाही, स्फोटकांनीही ऐकत नाही. पण मिळालेली जागा जाईल म्हटलं की पुणेकर लग्नालासुद्धा रिक्षानं जाईल. तेव्हा शहरात प्रत्येक गाडीला एकदा कुठंतरी उत्तम, सावलीतली जागा मिळू द्या. आणि सम-विषमही रद्द करा. एकदा लागली की गाडी पुन्हा कोणी हलवणार नाही. रस्ते मोकळे.

बराच वेळ कोणी बोललं नाही. सिंगापूरचा मुलगा म्हणाला, हे जगात कुठंही झालेलं नाही. काकांनी ते कौतुक समजून टिपून घेतलं. शेठनी शंका काढली, "सावलीतल्या जागा वाटणार कोण?" आणि त्यावर पाऊण तास भांडण झालं.

शेवटी अर्ज तयार झाला. पहिला मुद्दा कोथरूड, दुसरा रिक्षा, तिसरा आयटी, असे करत अनुभवी सहप्रवासी हा अकरावा. महापालिकेची इमारत नदीपलीकडे, चालत पंधरा मिनिटं. शिष्टमंडळात पाच जण ठरले आणि पाच जण चार गाड्यांनी निघाले. शेठना येताना मंडईत जायचं होतं, आयटीतल्या मुलाला पुढे ऑफिस होतं, आजींना नातवाचीच गाडी लागते. काकांची मोटार सोसायटीच्या आतल्या जागेत असते, म्हणून ती काढली. माझी स्कूटर काढायचा प्रश्नच नव्हता, म्हणून मी फाईल मांडीवर घेऊन काकांच्या मोटारीत. प्रत्येकाला आतून जाणारा असा एक रस्ता माहीत होता, जो दुसऱ्या कोणाला माहीत नाही. अर्ध्या तासानं ओंकारेश्वराजवळ आम्ही सगळे एकमेकांना भेटलो. पुढे शेठची स्कूटर, डावीकडे आयटी, मागे नातू आणि आजी. कोणीच हलत नव्हतं.

काकांनी काच खाली केली. मला वाटलं, आता 'आधी तुमची गाडी काढा' म्हणणार. पण त्यांनी माझ्याकडे हात केला.

"पेन आहे? बारावा मुद्दा लिहा. अर्ज द्यायला येणाऱ्या नागरिकांसाठी महापालिकेत राखीव पार्किंग."

मागून आजींचा आवाज आला, "सावलीत, म्हणून घाला!"